उतरवायची कधी?

रजनी, तुझे मामा माझ्या हॉलमध्ये पंखा बंद करून बसलेत आणि म्हणतायत, कॉफीची झाडं आता काढून टाकतो.

मी गप्प बसले. हो, मी! ऑफिसातल्या पोरापोरींना ‘प्रभावी संवाद’ शिकवून जिचं गृहकर्ज फिटलं, ती बाई गप्प बसली आणि “चहा टाकू का मामा?” एवढंच म्हणाली. तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास.

काल तुझं चौदावं झालं. तुझ्या विलासकडे नातेवाईक मावत नव्हते, म्हणून मामा समोरच्या दारातून माझ्याकडे मुक्कामाला आले. आज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून सोफ्याच्या अगदी कडेवर बसले, सोफा मळेल या धास्तीने, आणि मग हे बोलले.

“रजूसाठीच ठेवली होती व बाई ते झाडं. व्यापारी काय देते त्याचं? रजूले पोतं पाठवाचं म्हणून म्या ठेवली. आता कोणाले पाठवू?”

चिखलदऱ्याजवळचा तो उतार कुणा हॉटेलवाल्याला हवाय. पर्यटकांसाठी तंबू ठोकणार म्हणे. मामा उद्या दुपारच्या बसने परत जातील आणि त्याला हो म्हणून सांगतील. आणि या वर्षीचं पोतं आज सकाळपर्यंत माझ्या बाल्कनीत पडून होतं, तोंड शिवलेलं. तू दवाखान्यात होतीस तेव्हा आलं. मी तुला सांगितलंही होतं. तू डोळे मिटूनच म्हणालीस, “कोरड्या जागी ठेव.” माझ्याशी बोललेली शेवटची धड वाक्यं आठवायला बसले तर त्यात हे एक निघतं. काय बाई तू! जाता जाता माणसं काहीतरी गोड बोलतात.

तर मी ठरवलंय. मामांना जायच्या आत त्यांच्याच झाडाची कॉफी द्यायची, तुझ्यासारखी भाजून. माझ्याकडे दुसरा काही युक्तिवाद नाही. अडचण तुला ठाऊक आहे. इतकी वर्षं कढईत हलवलं मी, पण ‘उतरव’ म्हणालीस तू.

आपली ओळख कंपनीच्या बसमधली. नव्या शतकाची सुरुवात, हिंजवडीत रोज एक नवी काचेची इमारत, आणि कर्जाच्या हप्त्यात बसेल असं घर शोधत आपण दोघी धायरीत येऊन पडलेल्या. मी सदाशिव पेठेतून, म्हणजे माझ्या आईच्या मते वनवासात. तू परतवाड्याहून, म्हणजे तुझ्या आईच्या मते अमेरिकेत. बायपासला बस तुंबली की मी गोष्टी सांगायचे, आख्खी बस ऐकायची आणि तू खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग आणायचीस. सोंग, कारण खांदे हलायचे.

ऑफिसातल्या त्या यंत्राची आठवण आहे? चहाचं बटण दाबा, कॉफीचं दाबा, टोमॅटो सूपचं दाबा, चव शेवटी सुपाचीच. एकदा मी त्या कागदी कपाकडे बघत म्हणाले, “कॉफी ती दाक्षिणात्यांची, बाकी सगळे नुसते बटणं दाबतात.” तू एकदम वळलीस.

“आमच्या मामाकडे आहेत कॉफीचे झाडं.”

“कुठे?”

“चिखलदऱ्याले.”

“विदर्भात? कॉफी?” मी आवाज चढवून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणाले. “तिथे ऊन पिकतं ना फक्त?”

तू शांतपणे म्हणालीस, “अन् पुण्यात काय पिकते? टोमणे?”

बस हसली. माझ्यावर! मी त्याच दिवशी तुझी मैत्रीण व्हायचं ठरवलं, कारण असा माणूस शत्रुपक्षात परवडला नसता.

मग मामांनी पहिलं पोतं पाठवलं. हिरवट, करडे, वासाला ओल्या गवतासारखे दाणे. तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्या ती झाडं, पण घरात कोणी कधी भाजली नव्हती. दाणे व्यापारी न्यायचा आणि तुम्ही चहा प्यायचात. आणि इथे पुण्यात चौकाचौकात थंडगार काचेची दुकानं निघालेली, लोक कॉफीसमोर तास-तास बसून लग्नं ठरवत होते. तुला त्याचा राग यायचा. मला तुझा तो राग फार आवडायचा, त्याच रागात आपण कढई चढवली.

आपण भाजायला बसलो आणि दोन शिकल्यासवरल्या बायकांनी काय केलं? जे आपल्या आयांनी शिकवलं तेच. मंद आच! रवा मंद आचेवर, भाजणी मंद आचेवर, मग कॉफी काय आकाशातून पडलीय? बाल्कनीत शेगडी मांडून बारीक गॅसवर हलवत बसलो. हात मोडला, रविवार संपत आला, दाणे लाकडाच्या रंगाचे झाले आणि तिथेच रुसून बसले. दळून प्यायलो तर गोणपाट उकळून प्यायल्यासारखं. तू तोंडातला घोट तसाच धरून माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणाले, “पौष्टिक असणार.”

पुढच्या रविवारी मोठी आच. दाणे पिवळे झाले, वास गवताचा सुटून भाजणीवर आला, मग रंग चढला आणि अचानक कढईत मोहरीसारखं तडतडलं! आपण दोघी बाल्कनीत नाचलो. आणि मग मी, दाण्याच्या कुटासाठी शेंगदाणे भाजतात तसा गॅस बंद करून वर ताट झाकलं. शेंगदाणे कसे, गॅस बंद केल्यावर कढईच्या उष्णतेनं आतून खमंग होतात. तू म्हणालीस, “हो, माही आई बी असंच करते.” पुण्याची आणि वऱ्हाडाची आई पहिल्यांदा एका मुद्द्यावर एक झाली आणि आपण आत जाऊन गप्पा मारत बसलो. धूर आला तेव्हा ताटाखाली दाणे नव्हतेच, कोळसे होते. खालून जोशीकाकूंनी विचारलं, “काय जळतंय?” मी म्हणाले, “कॉफी.” त्या म्हणाल्या, “मग आता पिणार का लावणार दाताला?”

तेव्हा कळलं की कॉफीचा दाणा आचेवरून उतरवला तरी थांबत नाही. स्वतःच्याच उष्णतेत शिजत राहतो. म्हणून हवा असलेला रंग यायच्या थोडं आधीच उतरवायचा, लगेच चाळणीत ओतायचा, टेबलफॅनसमोर धरून गार करायचा. त्यात फोलपटं उडतात. ती जोशीकाकूंच्या कुरडयांवर जाऊन बसली, हा वेगळा अध्याय.

तू टेस्टर. कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचा पगार घ्यायचीस आणि घरी येऊन फुकटात माझ्या. “एका टायमाले एकच गोष्ट बदलव,” हा तुझा धर्म. मी आच वाढवायचे, दाणे कमी घ्यायचे, कढईही बदलायचे, सगळं एकदम, आणि चव सुधारली की हात पसरून वाकून अभिवादन करायचे. तू म्हणायचीस, “काहून सुधरली ते सांग.” आता ते कसं सांगणार? तू परदेशी कामावर गेलीस तिथून लांब सुईचा थर्मामीटर आणलास. तो दाण्यात खुपसला की एक सांगायचा, कढईला टेकला की दुसरंच. “खोटारडा,” म्हणून तू तो परत डब्यात ठेवलास आणि माझ्या गॅसच्या बटणाशी नेलपॉलिशच्या तीन खुणा केल्यास. सुरुवातीला इथे, रंग चढायला लागला की इथे, तडतड जवळ आली की इथे, म्हणजे दाणे उधळत नाहीत. आच सावरायची ती तडतडायच्या आधी. नंतर सावरायला गेलं तर उशीर झालेला असतो. डब्यांवर टिकल्या चिकटवायचीस, लाल म्हणजे मोठी आच, काळी म्हणजे जास्त वेळ. माझ्या फडताळातले डबे लग्नाला निघाल्यासारखे दिसायचे.

आणि वेळ मोजायला घड्याळ होतं, पण आपण मोजायचो माझ्या गोष्टींवर. मी हलवत हलवत गोष्ट सांगायचे आणि नेमकी ती रंगात आली की तू, नाक कढईवर, कान टवकारलेले, एकदम ओरडायचीस, “उतरव व!” मग पळापळ, चाळणी, पंखा, आणि गोष्ट तिथेच लोंबकळत. तुला माझ्या किती गोष्टींचे शेवट ठाऊक नाहीत, रजनी! माझ्या आतेभावाच्या वरातीतला घोडा फटाक्यांना बिचकून सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात शिरला, तिथपर्यंत तू दर वेळी ऐकलंस. पुढचं आता ऐक. घोडा आत, वर नवरदेव मुंडावळ्या धरून बसलेला, आणि डॉक्टर मान वर न करता म्हणाले, “बाहेर बसा, नंबर आला की बोलावतो.”

संपली. हसलीस का?

भांडण मात्र एकच, आणि ते काही मिटलं नाही. उतरवायची कधी? तुझं म्हणणं, पहिली तडतड ओसरली की लगेच. दाणा तांबूस, कोरडा, आणि कॉफी बिनदुधाची, पातळ, थोडी आंबट. “मातीची चव लागते,” म्हणायचीस. माझं म्हणणं, अजून थांब. दुसरी तडतड सुरू होऊ दे, ती बारीक, चुरमुरे दाबल्यासारखी. दाण्यावर तेलाची तुळतुळी येऊ दे. मग स्टीलच्या फिल्टरमध्ये घाल, दूध, साखर आणि जायफळ.

जायफळ म्हटलं की तू कपाळाला हात लावायचीस. “खून आहे हा. माह्या मामाच्या कॉफीचा खून करून रायली तू.”

“आणि तुझी? ती कॉफी आहे का चिंचेचा कोळ?”

आणि असंच इतके रविवार. विलास म्हणायचा, तुम्ही दोघी कॉफी पिता का खटला चालवता. पोतं तुझ्या मामांचं म्हणून निकाल दर वेळी तुझ्या बाजूने, आणि मी तुझी ती आंबट कॉफी चोरून साखर घालून प्यायचे.

आज सकाळी एकटीने भाजली. मामांना हॉलमध्ये बसवलं आणि बाल्कनीचं दार ओढून घेतलं. पहिली खूण, दुसरी खूण. घोड्याची गोष्ट सुरू केली, मोठ्याने, कारण मनातल्या मनात सांगितलेली गोष्ट भराभर संपते. दवाखान्याच्या पायरीपर्यंत आले आणि थांबले. सवयीने. तू ओरडशील म्हणून थांबले. कढईत तडतड ओसरत होती आणि मी झारा हातात धरून उभी, कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत. आणि मग झटकन उतरवली. बरोबर वेळेला की उशिरा, खरंच सांगता येत नाही. रंग तुझाच वाटतोय. तांबूस, कोरडा. दिवसभर उघड्या ताटात मुरत ठेवलीय आणि मी हे लिहीत बसलेय. दर थोड्या वेळाने जाऊन वास घेतेय. मामा पेपर वाचतायत, एकच पान.

पुढचं दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, लिहितेय.

सकाळी मामांना कॉफी दिली. तुझी ती काचेची, बिनकानाची छोटी ग्लासं आहेत ना, विलासकडून मागून आणली. फडक्यातून गाळली, दूध नाही, काही नाही. मामांनी दोन्ही हातांनी ग्लास धरलं. एक घोट घेतला. मी पाठ केलेलं भाषण घशाशी आणून ठेवलं होतं. झाडं म्हणजे रजनी, झाडं म्हणजे आठवण, वगैरे. दुसरा घोट घेतला.

“अशीच द्याची रजू,” मामा म्हणाले.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. जमलं!

“अशीच आंबट,” मामा म्हणाले. “मले कधीच नाही आवडली.”

“काय?”

“पण ती एवढी तोंडाकडे पाहून राहाची. मंग मी म्हणायचो, झकास. दर साली म्हणायचो.” त्यांनी ग्लास खाली ठेवलं, हळूच, आवाज न करता. “बाई, चहा असंन तर पायजा.”

रजनी! तू आत्ता कुठे असशील तिथे खुर्चीवरून पडली असशील. ज्या झाडांसाठी मी बाल्कनीत झारा धरून जीव टाकत होते, त्या झाडांची कॉफी त्यांच्या मालकाला घशाखाली उतरत नव्हती. उगाच नाही ते तंबूवाल्याला हो म्हणत होते. आणि तू इतकी वर्षं त्या ‘झकास’वर जगलीस. मला एका क्षणात तुझा इतका कळवळा आला आणि इतकं हसू आलं, की मी सरळ स्वयंपाकघरात पळाले.

चहाचं पातेलं हातात घेतलं. आणि खाली ठेवलं.

मग मी जे केलं ते तुझ्या समोर केलं असतं तर तू दार आपटून समोरच्या घरात निघून गेली असतीस. बाल्कनीतल्या शेगडीवर कढई ठेवली. पहिली खूण, दुसरी खूण, तिसरी खूण तुझीच. पहिली तडतड झाली, ओसरली. तुझी हद्द संपली. मी थांबले नाही. गोष्टही सांगितली नाही या वेळी, नुसती ऐकत राहिले. मधला तो शांत वेळ फार वाईट असतो, हे मला कधी कळलंच नव्हतं, कारण त्याच्या आधी तू ओरडलेली असायचीस. काहीच आवाज नाही, धूर मात्र वाढतोय, आणि आता थांबवू का, आता, का आता. मग ती बारीक तडतड सुरू झाली. आणखी अगदी थोडा दम धरला आणि ओतली चाळणीत. जोशीकाकूंनी खालून खिडक्या लावून घेतल्याचा आवाज आला.

मुरायला वेळ नव्हता. बसच्या आधी जेवढा मिळाला तेवढा दिला. फिल्टरमधून काळाकुट्ट थेंब-थेंब पडला, दूध उकळून घातलं, साखर सढळ, आणि वर जायफळ. हो. घातलं.

मामांनी बॅग दारात आणून ठेवली होती. उभ्या उभ्याच कप घेतला, निघायच्या घाईत घेतात तसा. मग बसले. सोफ्यावर, मागे टेकून. पूर्ण कप संपवला, तळाची साखर बोटाने नाही पण नजरेने चाटली.

“हे आपल्या झाडाची?”

“हो मामा. त्याच पोत्यातली.”

“हे?” त्यांनी कप उलटा करून पाहिला, जणू खाली दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलेलं असेल. “अन् रजू आंबट कायले करे मंग?”

“तिला आवडायची. मातीची चव लागते म्हणायची.”

मामांनी रुमाल काढला, टोपी काढली, डोक्याचा घाम पुसला आणि मग तोच रुमाल डोळ्यांवर धरला. विलास त्यांना स्टँडवर सोडायला गाडीची किल्ली घेऊन उभा होता, तो जिना उतरून खाली गेला. मी कप उचलायचं नाटक केलं.

जाताना दारात म्हणाले, “तंबूवाल्याले नाही म्हणतो. पोतं पाठवीन होळीले. पण बाई, त्यातलं हे असं काळं भाजून मले पाठवजा. माह्या घरी कोणाले येत नाही.” आणि दोन पायऱ्या उतरून परत वर बघून, “अन् तो वास कायचा होता वरून?”

“जायफळाचा.”

“तेही पाठवजा.”

झाडं वाचली, रजनी. आणि मी जिंकले. इतक्या वर्षांचा खटला, साक्षात तुझ्या मामांच्या तोंडून निकाल. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले, वाकून अभिवादन करावं म्हणून. केलं नाही. समोरचं दार बंद होतं. जिंकल्यावर समोरच्याचं तोंड बघायचं असतं, आणि ते तोंडच नव्हतं. तू असतीस तर मानलं असतंस थोडंच! म्हणाली असतीस, मामाले काय समजते, दुसरी भाज, एकच गोष्ट बदलव. मला ते हवं होतं. मला हे जिंकणं नको होतं.

मामांना मी काळी पाठवीन. त्यांची झाडं, त्यांची जीभ. पण पोत्यातले निम्मे दाणे मी तुझ्यासारखे भाजणार, दर रविवारी, पहिली तडतड ओसरली की उतरवणार, आणि साखर न घालता पिणार. आवडत नाही म्हणूनच. भांडण चालू ठेवायला एक बाजू तरी जागेवर पाहिजे.

आत्ता कालचीच उरलेली घेऊन बाल्कनीत आलेय. दुसऱ्या दिवशी चव आणखी उघडलीय. एक घोट घेतला आणि सवयीने मोठ्याने म्हणाले, “आंबट आहे गं. पण मागून काहीतरी गोड येतंय. हे तू कधी सांगितलं नाहीस?”

खालून जोशीकाकूंचा आवाज आला. “कोणाशी बोलताय?”

“रजनीशी.”

मग खिडकी उघडल्याचा आवाज.

“बरं,” काकू म्हणाल्या. “चालू द्या.”